मास्टारूंच्या नाकावरचे काल्पनिक प्रेक्षक

कोटेश्वरराव मास्टारूंनी त्या रविवारी सकाळी जे ठरवलं ते तसं फार मोठं नव्हतं. नोकरी सोडायची नव्हती, घर विकायचं नव्हतं. नाकाच्या शेंड्यावर कुंकवाचा एक ठिपका लावून बाजारात जाऊन यायचं, बस्स. पण पुस्तकं वाचलेला माणूस साधी गोष्ट करायला उठला की घरातल्यांनी काचेची भांडी आधी उचलून ठेवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते बदलावं असं अजून एकाही शिकलेल्या माणसानं काही करून दाखवलेलं नाही.

मास्टारू आंध्रातल्या पालकोल्लुच्या बीएड कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. त्यातही किशोरावस्था हा त्यांचा खास प्रांत. दरवर्षी त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून ते होतकरू शिक्षकांना सांगायचे, की तेरा-चौदा वर्षांच्या पोराला आपण नेमके कोण हा पेच पडतो. त्याच्या मनात वादळ उठतं. आपल्यासारखं दुःख पृथ्वीवर आजवर कुणालाच झालेलं नाही अशी त्याची खात्री असते. आणि सगळं जग आपल्याकडेच टक लावून बघतंय असं त्याला सारखं वाटत राहतं. या शेवटच्या दुखण्याला पुस्तकात ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हणतात. हे दोन शब्द उच्चारताना मास्टारू चष्मा काढून हातात धरायचे. विद्यार्थ्यांना त्यावरून कळायचं, की हा प्रश्न परीक्षेला येणार.

घरात मात्र या विद्येचा कधी उपयोग झाला नव्हता. बायको हैमवती किशोरावस्था माहेरीच उरकून आली होती, आणि मुलगी लास्या कालपरवापर्यंत लहान होती.

ती नववीत गेली, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी तिच्या नाकाच्या बरोबर शेंड्यावर पुटकुळी आली.

पुटकुळी म्हणजे केवढी, तर तांदळाच्या कणीएवढी. पण लास्यानं खोलीचं दार लावून घेतलं ते रविवार उजाडला तरी फक्त जेवणापुरतं उघडत होतं, आणि तेही तोंडाला ओढणी गुंडाळून. (ओढणीतून सांबार-भात कसा खातात हे मला विचारू नका. त्या वयात सगळं जमतं.) एरवी हे चाललंही असतं. पण मंगळवारी शाळेत बालदिन होता, आणि बालदिनाला तीन मुलींची बुर्रकथा होती. मधोमध तंबुरा घेऊन कथा सांगायची ती लास्यानं; दोन्ही बाजूंना डक्की वाजवणाऱ्या दोघी, त्यातली एक शहाणपणाचं बोलणार आणि दुसरी गावाची टिंगल करणार. श्रावणापासून तालीम चालली होती. घरातल्या भांड्यांनासुद्धा ती कथा पाठ झाली होती. आणि आता ही म्हणत होती, “मी जाणार नाही. टीचरना फोन करून सांगा, मला ताप आलाय.”

हैमवती देवळाच्या तळ्यावर कार्तिकाचे दिवे सोडायला गेली होती. ती घरी असती तर पुढचं काहीच झालं नसतं. मास्टारूंनी खुर्ची ओढून बंद दारासमोर ठेवली आणि तास सुरू केला.

“लास्या, बाळा, हे जे तुला वाटतंय ना, ते खरं नाहीये.”

“मग नाकावर काय आहे, नान्ना?”

“पुटकुळी खरी आहे. लोक बघतात हे खोटं आहे. याला,” इथे मास्टारूंनी बंद दारासमोर चष्मा काढला, “काल्पनिक प्रेक्षक म्हणतात.”

“नागदुर्गा काल्पनिक आहे का? ती बघणार आणि शाळाभर सांगत सुटणार.”

“नागदुर्गेला तिचीच काळजी असेल. तिला वाटत असेल की सगळे आपल्याकडेच बघतायत.”

“बघतातच! तिनं भुवया कोरून घेतल्या तेव्हा आम्ही सगळ्या आठवडाभर बघत होतो.”

मास्टारूंनी मनातल्या टिपणांचं पान उलटलं. “तुला असं वाटत असेल, की हे असं दुःख जगात कुणालाच...”

“नाहीच आलं कुणाला! आली तर गालावर येते, कपाळावर येते. बरोबर मध्यावर कुणाला आलीय, सांगा!”

मास्टारूंना मनातून केवढा आनंद झाला! पोरगी अगदी पुस्तकातल्यासारखी बोलत होती. (मुलगी आत मुसमुसतेय आणि बाप बाहेर खूश होतोय. याला विद्या म्हणायचं.)

“मी तुला लिहून देतो,” ते म्हणाले, “माणसाच्या नाकाकडे कुणीही बघत नाही.”

दार बोटभर उघडलं. फटीतून एक डोळा दिसला.

“मग तुम्ही जाऊन दाखवा. नाकावर लाल ठिपका लावून. बाजारात. कुणी बघितलं नाही तर मी मंगळवारी जाते.”

“आणि बघितलं तर?”

“तर दहावी होईपर्यंत मी इथेच बसते.”

“कबूल!” मास्टारू म्हणाले. त्यांना वाटलं, एवढी वर्षं तोंडानं शिकवलं, आज नाकानं शिकवू.

“थांबा. अट आहे. ठिपका का लावलाय ते कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. माझ्या पुटकुळीचं नाव काढायचं नाही. सत्तिबाबू मामाला तर अजिबात नाही. मामा फ्लेक्स लावेल.”

ही भीती खोटी नव्हती. हैमवतीचा भाऊ सत्तिबाबू याचं कालव्याच्या पुलाजवळ फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि गावात कुणाचं काहीही झालं तरी तो पुलाच्या तोंडाशी हा भला मोठा फ्लेक्स टांगायचा. वाढदिवस, बदली, वयात आलेल्या मुलीला ओणी नेसवण्याचा समारंभ, गुडघ्याचं ऑपरेशन. स्वतःच्या मोटरसायकलीला एक वर्ष झालं तेव्हा तिचाही लावला होता.

“माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा.”

मास्टारूंनी दाराच्या फटीतून हात घातला आणि चाचपडत पोरीच्या डोक्यावर ठेवला. “कुणाला सांगणार नाही. बस्स?”

आता इथे मला एक बोलायचंय. ही विद्या ज्या कुठल्या देशात निघाली असेल, तिथे लोक दारं लावून घेत असतील. शेजारी गेला काय, राहिला काय, पत्ता लागत नसेल. तिथले प्रेक्षक काल्पनिकच असणार, बिचारे आणणार कुठून? पण पालकोल्लुत रस्त्यात भेटलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘आज भाजी काय?’ नुसता विचारत नाही, उत्तर ऐकून घेतो. पटलं नाही तर दुसरी भाजी सुचवतो. अशा गावात नाकाकडे कुणी बघत नाही असं म्हणणारा माणूस एकतर परका असला पाहिजे, नाहीतर प्राध्यापक.

लास्यानं कुंकू खोबरेल तेलात कालवून बापाच्या नाकावर ठिपका काढला. तिच्या पुटकुळीच्या चौपट. (“लांबून दिसायला नको का?”) कपड्यांचं बघायला गेले तर हैमवतीनं रविवारची धुणी भिजवून ठेवलेली, कोरडा उरला होता तो सत्तिबाबू इथे विसरून गेलेला काळा शर्ट, शाईचे डाग लपावेत म्हणून तो दुकानात घालायचा तो, आणि एक काळी लुंगी. मास्टारूंनी तेच चढवलं. पेपर तपासायच्या नादात दाढी चार दिवस राहिली होती, ती तशीच राहिली. वरून लास्याला वाटलं, प्रयोग पक्का व्हायला हवा. म्हणून एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्या पायात हैमवतीची. हैमवतीची चप्पल मास्टारूंच्या पायात अर्ध्यापर्यंतसुद्धा जाईना. शेवटी त्यांनी दोन्ही काढून पिशवीत टाकल्या आणि अनवाणी चालायला लागले.

काळा शर्ट, काळी लुंगी, वाढलेली दाढी, अनवाणी पाय, आणि महिना कार्तिक. गावातल्या शेंबड्या पोरानंसुद्धा ओळखलं असतं की याचा अर्थ काय होतो. पण मास्टारूंचं सगळं लक्ष नाकावर होतं.

लास्या ओढणी गुंडाळून सायकलवरून मागोमाग निघाली आणि सगळं नीट दिसावं म्हणून पुलावर जाऊन उभी राहिली.

पुलाखाली मंगताय्यारूचा पेसरट्टूचा, म्हणजे मुगाच्या डोशाचा, गाडा. मास्टारू दर रविवारी तिथे खात. तव्यावर पीठ फिरवता फिरवता तिनं मान वर केली.

“मास्टारू, आज भाजी का... अय्यो, नाकाला काय झालं?”

मास्टारूंनी पुलाकडे चोरून पाहिलं. लास्यानं वरून एक बोट दाखवलं. एक झालं.

“काही नाही. एक पेसरट्टू दे, कांदा जास्त घाल.”

“काही नाही कसं? चावलं काही? बायकोनं मारलं?”

“नाही गं बाई. विचारू नकोस. मला सांगता येत नाही. शब्द दिलाय.”

“कुणाला?”

मास्टारूंची नजर आपसूक वर पुलाकडे गेली. तिथे लास्या उभी होती. पण मंगताय्यारूला पुलावरची पोर कशाला दिसेल? तिनं त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं, तर पुलाच्या मागे देवळाचं उंच गोपुर सकाळच्या उन्हात लखलखत होतं. तिनं नजर खाली आणली. काळा शर्ट. काळी लुंगी. दाढी. अनवाणी पाय. कपाळावरून घामानं ओघळून नाकावर उतरलेलं कुंकू. तिनं हातातलं उलथणं खाली ठेवलं आणि हात जोडले.

“स्वामी शरणम्! अय्यो, मी पापिणी, तुम्हाला कांदा घालत होते!”

दर कार्तिकात गावातले निम्मे पुरुष अय्यप्पाची दीक्षा घेतात. मंडलभर, म्हणजे एक्केचाळीस दिवस, काळे कपडे, अनवाणी पाय, पहाटे थंड पाण्याची अंघोळ, जमिनीवर झोप, कांदा-लसूण-मासळी बंद, आणि सगळ्या जगानं त्यांना ‘स्वामी’ म्हणायचं. घरच्या बायकोनंसुद्धा. मास्टारूंनी आजवर घेतली नव्हती, कारण त्यांना कोळंबी आवडायची. हे कारण ते कॉलेजात ‘वैचारिक भूमिका’ असं सांगायचे.

“तसं काही नाहीये, मंगताय्यारू.”

“नसतंच सांगायचं, स्वामी. पहिल्या दिवशी लाज वाटते माणसाला.” आणि तिनं गाड्याभोवतीच्या चारचौघांना ओरडून सांगितलं, “सरका, सरका! मास्टारूंनी माळ घेतलीय!”

पुलावर लास्याची बोटं भराभर उघडत होती. थोड्या वेळानं तिनं मोजणं सोडून दिलं आणि कठडा धरून हसायला लागली.

पुढे मासळी बाजार. हैमवतीनं कोळंबी आणायला सांगितली होती. कोळंबीवालीनं मास्टारूंना येताना पाहिलं आणि टोपलीवर गोणपाट टाकून त्यावर स्वतः बसली. “स्वामी, इकडून नका जाऊ, विटाळ होईल.” मास्टारू म्हणाले, “अर्धा किलो दे.” तिनं कानांवर हात ठेवले. “परीक्षा बघू नका गरिबाची.”

एवढ्यात समोरून कॉलेजचे प्रिन्सिपल कामराजू आले. तेही काळ्या कपड्यांत. त्यांची दीक्षा मात्र खरी. दर वर्षी स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना घ्या म्हणायचे आणि दर वर्षी मास्टारूंची वैचारिक भूमिका आडवी यायची. आज त्यांना बघून प्रिन्सिपलांचे डोळे पाण्यानं भरले.

“मास्टारू! नाही, नाही, स्वामी! तुम्ही!”

मास्टारूंना वाटलं, हा शिकलेला माणूस आहे. पोरीचं नाव न काढता निदान मुद्दा तरी याला सांगता येईल. ते हलकेच म्हणाले, “सर, गैरसमज होतोय. हे सगळे जे बघतायत ना, ते काल्पनिक आहेत.”

“सगळंच काल्पनिक आहे, स्वामी!” प्रिन्सिपलांनी त्यांना मिठी मारली. “हेच कळायला मला सात दीक्षा लागल्या. तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं!”

मास्टारू घरी पोचले तेव्हा व्हरांड्यात सभा भरली होती. बातमी त्यांच्या आधी आली होती. ती अनवाणी नव्हती ना. हैमवती तळ्यावरून परतली होती आणि कमरेवर हात ठेवून उभी होती. सत्तिबाबू मोटरसायकलीला टेकून फोनमध्ये काहीतरी करत होता. शेजारच्या दोघी-तिघी ‘सहज’ आल्या होत्या. मागोमाग प्रिन्सिपलही आले, नव्या स्वामींच्या घरी दोन शब्द बोलावेत म्हणून. लास्या कधीच मागच्या दारानं आत शिरली होती आणि खिडकीच्या पडद्याआडून बघत होती.

“कोळंबी?” हैमवतीनं विचारलं.

“मिळाली नाही.”

“मिळाली नाही, का दिली नाही?”

मास्टारूंनी पिशवी पाठीमागे लपवली.

“सकाळी मी गेले तेव्हा तुम्ही पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून पेपर वाचत होतात. तासाभरात असा काय साक्षात्कार झाला तुम्हाला? आणि हे नाक! कुंकू कपाळाला लावतात एवढंही विसरलात?”

“बावगारू,” सत्तिबाबू आपल्या भाऊजींना म्हणाला, “खरं सांगा. काहीतरी भानगड आहे. तुम्ही म्हणजे सगळे देवळात जातात तेव्हा चपला जपायला बाहेर थांबणारा माणूस.”

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. म्हणजे खरं तर नाकाकडे. प्रिन्सिपलांच्या चेहऱ्यावरसुद्धा शंकेची एक बारीक सावली आली. आणि कॉलेजचे प्रिन्सिपल म्हणजे चेष्टा नव्हे. देवाच्या नावानं सोंग करणारा मास्तर म्हणून नाव झालं असतं तर उद्यापासून वर्गात उभं राहणं अवघड होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ‘पोरीच्या नाकावर पुटकुळी आलीय, तिला समजावायला हे केलं.’ सगळे हसले असते, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पडदा हलला. मास्टारूंना तिथून एक डोळा दिसला. सकाळी दाराच्या फटीतून दिसला होता तोच. पण सकाळी त्यात राग होता, आणि आता नुसती भीती होती. दोन पावलांवर सत्तिबाबू फोन हातात घेऊन उभा, म्हणजे गावभर व्हायला दुपारसुद्धा लागली नसती.

मास्टारूंनी घसा खाकरला. आयुष्यात त्यांनी कुठल्याही प्रश्नाला चार मुद्द्यांपेक्षा कमीत उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “इच्छा झाली.”

“इच्छा झाली?” हैमवती.

“हो. झाली.”

पुस्तकातली सगळी विद्या एका बाजूला ठेवली तर उरलेला माणूस कधीकधी बरा निघतो. हे मी मास्टारूंच्या तोंडावर बोलले नाही, पण इथे लिहून ठेवते.

हैमवतीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. ती काही बीएड नव्हती, त्यामुळे तिला काय ते कळलं. पण तीही त्या घरचीच. तिनं पुटकुळीचं नाव काढलं नाही. सगळ्यांसमोर ती म्हणाली, “ठीक आहे. सकाळपासून गावानं तुम्हाला हात जोडलेत. त्या हातांची थट्टा आमच्या घरात व्हायची नाही. काळे कपडे चढवलेत ना? आता चला देवळात, माळही घाला. स्वामी!”

त्या ‘स्वामी’त जे काही होतं ते ऐकून मास्टारू एक पाऊल मागे सरकले. पण प्रिन्सिपलांनी एक दंड धरला, सत्तिबाबूनं दुसरा धरला, आणि त्यांना मिरवत देवळात नेलं. दीक्षा देणाऱ्या गुरुस्वामींनी गळ्यात माळ घातली तेव्हा मास्टारूंच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांना वाटलं, भक्ती. माळेसमोर हात जोडले तेव्हा थोडी तीही आली असेल, नाही म्हणवत नाही; पण बाकीची कोळंबी होती.

सोमवारी सकाळी पुलावर फ्लेक्स लागला. सत्तिबाबूनं बाजारात कुणीतरी काढलेला फोटो मिळवला होता. पुरुषभर उंच मास्टारू, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड किंचित उघडं (‘अर्धा किलो दे’ म्हणतानाचा क्षण), आणि मधोमध, रंग चांगला उठावा म्हणून सत्तिबाबूनं खास भडक केलेलं, लालभडक नाक. खाली मोठ्या अक्षरात ‘आमचे लाडके बावगारू दीक्षास्वामी झाल्याबद्दल’, आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून सत्तिबाबूचे पाच फोटो.

लास्यानं सोमवारी शाळेला जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण फ्लेक्स बघायचा मोह कुणाला आवरेल? ती ओढणी गुंडाळून सायकलवरून पुलापर्यंत गेली. सगळा गाव तिथे माना वर करून उभा. रिक्षावाले थांबलेले, दूधवाले थांबलेले, नागदुर्गासुद्धा थांबलेली. लास्या तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. नागदुर्गेनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

“लास्या, तुझ्या नान्नांचं नाक बघितलंस का गं?”

“बघितलं,” लास्या म्हणाली. आणि तिनं ओढणी सोडली. कुणी बघितलं नाही. ती तशीच शाळेत गेली.

मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बालदिन झाला. स्वामी म्हणून मास्टारूंना अगदी पहिल्या रांगेत बसवलं होतं. काळी वस्त्रं, गळ्यात माळ, दुपारच्या एकाच भिक्षेच्या जेवणावर सुकलेला चेहरा. मागच्या रांगेतली पोरं कुजबुजत होती, “तोच तो! फ्लेक्सवाला!” मास्टारू मान ताठ करून बसले होते, पण त्यांच्या मनात एकच धाकधूक. पोरगी येईल ना? ऐन वेळी दार लावून बसणार नाही ना?

पडदा उघडला. मधोमध लास्या तंबुरा घेऊन उभी. वर पिवळा प्रखर दिवा, आणि त्या दिव्यात नाकावरची पुटकुळी अशी चमकत होती की शेवटच्या रांगेतल्या आजीलाही चष्म्याशिवाय दिसावी. तिनं तंबुऱ्याची तार छेडली, दोघींनी डक्कीवर थाप मारली, कथा सुरू झाली. राजा आला, राणी आली. मग थट्टा करणारीची पाळी. ती होती नागदुर्गा. आणि तिच्या जिभेला कुणी तालीम दिलेली नव्हती.

“थांब गं कथेकरणी!” नागदुर्गा ओरडली. “राजाराणीचं राहू दे. तुझ्या नाकावर हे काय उगवलंय?”

हे तालमीत नव्हतं. मास्टारूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांच्या डोक्यातली सगळी प्रकरणं, वादळ, पेच, दुःख, एकदम उडून गेली. फक्त ‘माझी पोर’ एवढंच उरलं.

लास्यानं तंबुरा खांद्यावर टाकला, पहिल्या रांगेकडे हात केला आणि ठसक्यात म्हणाली, “हे? हे आमच्या घराण्याचं चिन्ह! पुलावर फ्लेक्स लागलाय, वाचता येत नाही का तुला?”

पटांगण असं खदखदून हसलं की झाडावरचे कावळे उडाले. प्रिन्सिपल हसले, टीचर हसल्या, हैमवतीनं तोंडाला पदर लावला. लास्यानं हशा ओसरू दिला नाही. त्याच हशावर तिनं पुढची ओळ उचलली आणि राजाला रणात नेलं. त्या रात्री तिच्यासारखी कथा कुणी सांगितली नाही. मास्टारू हसले नाहीत. ते चष्मा काढून हातात धरून बसले होते. पण तो परीक्षेला येणाऱ्या प्रश्नासाठी नव्हता.

इथे थांबले असते तर गोष्ट मास्टारूंच्या मानाची झाली असती. पण खरं ते सांगायलाच हवं.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात मास्टारूंचा तास होता, विषय ‘काल्पनिक प्रेक्षक’. सकाळी हैमवती काळे कपडे वाळत घालून आली तर खोलीचं दार आतून बंद. ते खोबरेल, ते कुंकू, ते पहाटेचं गार पाणी, काय बाधलं कुणास ठाऊक. मास्टारूंच्या नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी आली होती. खरी.

“मी जाणार नाही. प्रिन्सिपलांना सांग, ताप आलाय.”

“नान्ना,” लास्या दाराशी येऊन म्हणाली, “कुणी बघत नाही.”

“तुला नाही कळायचं! या वयात, बरोबर मध्यावर, अशी कुणाला आलीय सांग!”

लास्यानं आईकडे पाहिलं. हैमवतीनं कोनाड्यातला मास्टारूंचा चष्मा उचलून तिच्या हातात दिला. लास्यानं तो डोळ्यांना लावला, आणि दारासमोर उभी राहून सावकाश काढला.

“याला, स्वामी...”

“माहितीये! माहितीये याला काय म्हणतात!”

अर्ध्या तासानं दार उघडलं. मास्टारू नाकावर पंचा दाबून बाहेर पडले. पुलाजवळ येईपर्यंत ते भिंतीच्या कडेकडेनं चालले. तिथे पाहिलं तर त्यांचा फ्लेक्स गायब. त्या जागी सत्तिबाबूनं कुणाच्या तरी मुलीच्या ओणीच्या समारंभाचा नवा टांगला होता, आणि सगळा गाव माना वर करून ते दागिने बघत होता. मास्टारू गर्दीतून गेले. कुणी वळलं नाही. त्यांनी पंचा थोडा खाली केला. कुणी वळलं नाही. पंचा खांद्यावर टाकला, उन्हात उभे राहिले, दोनदा खोकलेसुद्धा.

शेवटी ते मंगताय्यारूच्या गाड्यासमोर जाऊन उभे राहिले आणि नाक पुढे करून म्हणाले, “मंगताय्यारू, माझ्या नाकाला काय झालंय, बघितलंस?”

“ते जुनं झालं, स्वामी,” तिनं तव्यावरून मान वर न करता सांगितलं. “आज भाजी काय?”

“तोंडली,” मास्टारू पडल्या आवाजात म्हणाले.

“कालही तोंडलीच होती,” मंगताय्यारू म्हणाली.